नदीकाठची परीक्षा

सूरह अल्-बकरातील तालूत आणि जालूत यांचा प्रसंग घरात वाचला जातो, तेव्हा गडहिंग्लजच्या मुलाला एक प्रश्न हटकून पडतो. अल्लाहच्या अनुज्ञेने लहान तुकड्यांनी मोठ्या फौजांवर मात केल्याचे तेथे श्रद्धावंत सांगतात. मग आपल्याच तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत फेब्रुवारी १६७४ मध्ये प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण ठार झाले, हा अल्लाहचा निवाडा समजायचा काय?

नाही. पराभव हाच निवाडा असता, तर उहुदच्या मैदानात सत्तर सहाबा शहीद झाले, त्याचा अर्थ काय लावावा? जय-पराजयाचे दिवस अल्लाह लोकांमध्ये फिरते ठेवतो, असे सूरह आले-इमरानने उहुदच्याच संदर्भात सांगितले आहे. शिवाय नेसरीची लढाई दोन राज्यांची होती. तिला धर्मयुद्धाचा रंग देण्याची घाई कोणीही करू नये.

तालूतची हकीकत सावकाश वाचावी. घरादारातून आणि मुलाबाळांतून हुसकावले गेलेले बनी इस्राईल आपल्या नबीकडे राजा मागतात. लढण्याचा हुकूम येताच बहुतेक पाठ फिरवतात. उरलेल्यांना नदी आडवी येते: पाणी प्यायचे नाही, घेतलेच तर ओंजळभर. थोडे सोडून सगळे पितात. उन्हातून हिरण्यकेशीच्या काठी आलेल्याला ही अट किती कठीण, हे सांगायला नको. लढाईला अजून तोंड लागलेले नाही आणि निवाडा होऊनही गेला. तोही शत्रूचा नव्हे, स्वकीयांचा! हजरत मूसा (अ.स.) यांच्या काळीही पवित्र भूमीत शिरण्यास नकार देणाऱ्या स्वकीयांच्याच वाट्याला चाळीस वर्षांची भटकंती आली.

बायबलमधील यहोशवाच्या ग्रंथात यरीहो नगरातील स्त्रिया, मुले, गुरेढोरेही मारल्याचे वर्णन आहे. कुरआनातील या प्रसंगांत तसा आदेश नाही आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर युद्धात स्त्रिया व मुले यांना मारण्यास स्पष्ट मनाई केली. प्राचीन युद्धकथा पुढे करून आजच्या एखाद्या वस्तीचा संहार ईश्वरी न्याय ठरवणाऱ्याला म्हणूनच विचारावे लागते: तालूतपाशी नबी होता, वह्यीचा आधार होता, तुझ्यापाशी काय आहे?

बद्रच्या लढवय्यांची संख्या तालूतबरोबर नदी ओलांडणाऱ्यांएवढीच, तीनशे दहाहून थोडी अधिक होती, असे सहाबा आपसांत बोलत, असे सहीह बुखारीत आले आहे. जालूतचे सैन्य किती होते, याची मोजदाद त्या बोलण्यात नाही.