आगाऊ भरलेली वर्गणी

१९४९ साली मँचेस्टरच्या विल्सन हेय या सर्जनला कोर्टानं १० पौंडांचा दंड ठोठावला. डोंगरातल्या मदत-चौक्यांना तो परवानगीशिवाय मॉर्फिया पुरवत होता आणि आपल्यावर खटला व्हावा, अशीच त्याची इच्छा होती. या हट्टाचं मूळ एका पायात होतं. १९२८ मध्ये लॅडो रॉक्सच्या कड्यावरून एडगर प्रायर नावाचा गिर्यारोहक पडला. सोबत्यांनी हाताला लागेल त्याचा स्ट्रेचर केला आणि त्याला खाली आणलं. वेदनाशामक काही नव्हतं, वाट खडबडीत आणि लांब. शेवटी पाय कापावा लागला. पडण्यानं झालं नसेल तेवढं नुकसान उतरवण्यानं झालं, असं हेयचं मत बनलं आणि त्यानं ते सोडलं नाही. दंड झाल्यावर सरकारच नमलं आणि चौक्यांना मॉर्फिया ठेवायची मुभा मिळाली.

प्रायरच्या अपघातानंतर चांगल्या स्ट्रेचरचं काम गिर्यारोहण क्लबांच्या समितीनं हाती घेतलं आणि तो घडवला युस्टेस थॉमस या मँचेस्टरच्याच इंजिनिअरनं. या कहाणीत मला हेयपेक्षाही थॉमस जवळचा वाटतो, कारण तो पळणारा होता. १९२२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, लेक डिस्ट्रिक्टची शिखरं एका दमात पालथी घालून त्यानं सगळ्यांना चकित केलं होतं. दहा वर्षांनी केझिकचा बॉब ग्रॅहम ४२ शिखरं २३ तास ३९ मिनिटांत करून त्याच्याही पुढे गेला. ज्यानं हे डोंगर स्वतःच्या गुडघ्यांनी मोजले होते, त्याच्याच हातून जखमीला वाहून न्यायचं साधन तयार झालं. पुढे कित्येक दशकं ब्रिटनच्या डोंगरांवर थॉमस स्ट्रेचर वापरात राहिला.

आजही तिथे डोंगरात कोणी अडकलं तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे, मग ‘माउंटन रेस्क्यू’. पोलीस ज्यांना बोलावतात ती माणसं त्या घडीला वर्गात फळ्यावर लिहीत असतात, कोणाचा नळ दुरुस्त करत असतात, नाहीतर घरी घोरत असतात. केझिकची तुकडी १९४७ ची. आदल्या वर्षी ग्रेट गेबलवर विल्फ्रिड नॉइस हा गिर्यारोहक पडून जखमी झाला, त्यानंतर उभी राहिलेली. तिच्यात काय किंवा शेजारच्या खोऱ्यांतल्या तुकड्यांत काय, वर चढणाऱ्याला पगार नाही आणि सुटका झालेल्याला बिल नाही. गाडीचं डिझेल, रेडिओ, दोर, ठाण्याचं वीजबिल हे सगळं मुख्यतः देणग्यांतून भागतं. पबच्या काउंटरवर ठेवलेला डबा ही एक वाट. दुसरी म्हणजे पळणं.

माझ्या लीड्सच्या भाच्यानं अशाच एका डोंगरी मॅरेथॉनसाठी देणगीची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. आईनं ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, “पळणार हा, दमणार हा, आणि पैसे आपण त्या तिसऱ्यांना द्यायचे? मग नुसतेच मागू दे की. पळायचं कशाला?”

प्रश्न बिनतोड आहे. शहरी मॅरेथॉनपुरतं तर त्याला माझ्याकडे उत्तरच नाही. १९८१ मध्ये ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी लंडन मॅरेथॉन सुरू केली. आज तिच्यावर धर्मादाय संस्थांचा मोठा संसार चालतो. पण तिथला रस्ता आणि देणगीचं कारण यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. तोच रस्ता कर्करोगासाठी चालतो आणि म्हाताऱ्या गाढवांसाठीही. देणारा पळणाऱ्याच्या घामाला मान देतो, एवढंच. आपल्याकडे नवसाला लोटांगण घालतात, त्यातलाच हा प्रकार: मागणं मागायचं तर आधी अंग झिजवायचं.

डोंगरातला हिशेब वेगळा. तिथे पळणारा हाच उद्याचा जखमी असू शकतो. शर्यतीआधीच्या सामान-तपासणीत ते स्पष्ट दिसतं. टेबलापलीकडचा माणूस टोपीचं जाकीट उलटून शिवणी पाहतो, होकायंत्र, नकाशा आणि जादा खाऊ मागतो, शेवटी शिट्टी. संकटात ती मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ती ऐकून जे निघतील त्यांच्याच दोरासाठी हा पळतोय. आईच्या ‘तिसऱ्यां’मध्ये तिचा नातूही धरायला हवा. अशा देणगीच्या प्रत्येक पौंडावर, देणारा तिथला करदाता असेल तर, सरकार ‘गिफ्ट एड’चे २५ पेन्स घालतं, हे सांगितल्यावर ती जरा नरमली.

यावर एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही: या शर्यतींमुळेच बचाव पथकांच्या डोक्याला ताप होत असेल तर? ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ १९६८ पासूनची. दोघांची जोडी, पाठीवर तंबू, दोन दिवस, आणि ऑक्टोबरअखेरचं हवामान. २००८ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलला वारा-पावसानं कहर केला, ओढ्यांना पूर आले आणि इतिहासात पहिल्यांदाच शर्यत अर्ध्यात थांबवली. सुमारे अडीच हजार स्पर्धक. बातम्यांत १,७०० बेपत्ता! प्रत्यक्षात बहुतेक जण तंबूंत, शेतघरांच्या गोठ्यांत, पाटीच्या दगडाच्या खाणीत निवारा शोधून बसले होते. सगळ्यांचा पत्ता लागला. काहींना दवाखान्यात न्यावं लागलं आणि पथकांची रात्र गेली, हेही खरंच. तरी मला वाटतं, पाठीवर तंबू बाळगणारे ते अडीच हजार, फोनची बॅटरी संपेपर्यंत सेल्फी काढत स्कॅफेल पाइक चढणाऱ्या गर्दीपेक्षा कमी ओझं होते.

मग सरकारनंच पगार का देऊ नये? आल्प्समध्ये बऱ्याच ठिकाणी विम्यावर भागतं. ब्रिटिश स्वयंसेवकांपैकी पुष्कळांना पगार नको असतो, आणि मला त्यांचं पटतं. पगार आला की अडकलेला माणूस ग्राहक होतो, उशिराची तक्रार करतो आणि त्याची चूक किती ते मोजायला कोणीतरी बसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, टाळेबंदीत, रेड स्क्रीज डोंगरावर तंबू ठोकलेल्या दोघांच्या मदतीला निघालेला पॅटरडेल तुकडीचा एक स्वयंसेवक सुमारे १५० मीटर कोसळला आणि त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. लोकांनी त्याच्यासाठी पैशांचा पाऊस पाडला. असा पाऊस अपघातानंतरच पडतो, हीच अडचण. कोणी कोसळलं नाही अशा साध्यासुध्या वर्षी रेडिओची बॅटरी बदलायला पळणाऱ्यांचे पैसे उपयोगी पडतात.

आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर आणि महाडचे ट्रेकर्स हीच कामं करतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा दोर लावून खाली उतरले ते असेच ट्रेकर्स. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथल्या चिखलातही हीच मंडळी. त्यानंतर सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळतं. पण दोराला ठरावीक आयुष्य असतं; मोठा झटका बसला की तो चांगला दिसत असला तरी मोडीत काढावा लागतो, आणि नव्या दोरासाठी श्रीफळ चालत नाही.

सह्याद्रीत पळणाऱ्यांची आता चांगली गर्दी असते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन झाली, सिंहगड-राजगड-तोरण्याची अल्ट्रा झाली. नोंदणीच्या फॉर्मवर टी-शर्टचं माप विचारतात. त्याखालीच ‘टी-शर्ट नको, तेवढे पैसे बचाव पथकाला’ असा एक रकाना टाकायला आयोजकांना फार काही करावं लागणार नाही. खूण करणारे कमी पडायचे नाहीत. आमच्या घरात तर हे टी-शर्ट फरशी पुसूनही उरलेत.