सोहळ्याचे ताट आणि खर्चाची नीती

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, पहिला पगार अशा निमित्ताने महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणे ही शहरी मध्यमवर्गात आता रुळलेली रीत आहे. चौघांच्या एका जेवणाचे बिल कित्येक घरांच्या महिन्याच्या किराण्याला पुरून उरते. हा खर्च योग्य की अयोग्य, या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला संयमाचा: जिभेचे एवढे लाड जेवणाऱ्याला बिघडवतात का? दुसरा न्यायाचा: कोणी उपाशी असताना एका संध्याकाळवर इतका पैसा घालणे समर्थनीय आहे का? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही. त्यामुळे दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

आधी रेस्टॉरंट या संस्थेचे स्वरूप पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पॅरिसमध्ये आकाराला आली. खाणावळीत ठरल्या वेळी, सर्वांसोबत एकाच टेबलावर, जे शिजेल ते खावे लागे. रेस्टॉरंटने स्वतंत्र टेबल, किमतींसह पदार्थांची यादी आणि हव्या त्या वेळी जेवण देऊ केले. पुढे टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने 1900 साली मोटारमालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत 1926 पासून उत्तम जेवणाला तारे मिळू लागले आणि 1931 मध्ये एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी ठरली. तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा अशी जागा.

पंगतीला माणूस यजमानाच्या आमंत्रणाने बसतो, रेस्टॉरंटमध्ये स्वतःच्या ऐपतीने. या फरकाची एक बाजू उजळ आहे. कोणी कोणाशेजारी जेवायचे हे भारतात शतकानुशतके जातीने ठरवले. 1917 मध्ये केरळातील चेराई येथे समाजसुधारक सहोदरन अय्यप्पन यांनी वेगवेगळ्या जातींचे मिश्रभोजन घडवून आणले तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून तिथला प्रवेश कोणाला नाकारता येत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याची जात बिल विचारत नाही. मात्र ज्याच्या खिशात ते नाहीत त्याच्यासाठी दार पूर्वीइतकेच बंद राहते. पंगतीचा दोष जातीचा होता, या टेबलाचा दोष ऐपतीचा आहे.

संयमाच्या प्रश्नावर पहिली साक्ष अनपेक्षित ठिकाणाहून मिळते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (ख्रिस्तपूर्व 341 ते 270) सुखवादी म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याचे रोजचे जेवण भाकरी आणि पाणी एवढेच असे. मेजवानी करावीशी वाटली तर हाताशी असावे म्हणून त्याने मित्राकडे थोडे चीज मागितल्याचे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. साध्या खाण्याची सवय असलेल्यालाच अधूनमधून मिळणाऱ्या उंची जेवणाची खरी गोडी कळते आणि ते न मिळाल्याची भीतीही त्याला वाटत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याचे अनुयायी दर महिन्याच्या वीस तारखेला एकत्र जमून स्नेहभोजन करत. म्हणजे या विचारात मेजवानीला जागा आहे, पण तिचे सुख तिच्या विरळपणावर अवलंबून आहे. दर आठवड्याला होणारा सोहळा सोहळा राहत नाही, खर्च मात्र राहतो.

ख्रिस्ती परंपरा याहून कडक आहे. सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे, महागडे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. शेवटचे दोन थेट महागड्या रेस्टॉरंटला लागू पडतात, कारण तिथे ताटात अन्न थोडे असते आणि चोखंदळपणा भरपूर. तेराव्या शतकात धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनी ही यादी कायम ठेवली, पण दोष अन्नात नसून बेताल झालेल्या इच्छेत आहे, हे स्पष्ट केले. भारतातही असा कडकपणा आढळतो. जैन आचारात भुकेपेक्षा कमी खाणे म्हणजे ऊनोदरी आणि तूप, दूध, गूळ यांसारख्या रसाळ पदार्थांचा त्याग म्हणजे रसपरित्याग, ही दोन्ही बाह्य तपे मानली आहेत. महात्मा गांधींनी अस्वाद हे आश्रमातील व्रतांपैकी एक ठरवले आणि 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्याचे विवेचन केले. औषध जसे चवीसाठी घेत नाहीत तसे अन्नही चवीसाठी घेऊ नये, ही त्यांची भूमिका होती. ती पूर्णपणे मान्य केली तर केवळ महागडेच नव्हे, घरचे पुरणपोळीचे जेवणही अडचणीत येते.

भारतीय परंपरेचा सूर मात्र एकच नाही. भगवद्गीतेचा सहावा अध्याय अतिखाणे आणि मुळीच न खाणे ही दोन्ही टोके योगाला मारक मानतो. पुरीच्या जगन्नाथाला छप्पन्न भोग चढतो आणि पुष्टिमार्गी मंदिरांत अन्नकूटाला पदार्थांचा डोंगर रचला जातो. या ठिकाणी चव, वैविध्य आणि वैभव यांना पाप मानलेले नाही. ते सर्व आधी देवापुढे जाते आणि मग प्रसाद म्हणून अनेकांच्या हातांत येते. उपभोगाला आक्षेप नाही, पण तो एकट्याचा आणि पहिला असू नये, असा हा विचार आहे.

चवीला कलेचा दर्जा द्यावा का, यावरही मतभेद आहेत आणि ते या चर्चेला महत्त्वाचे आहेत. चव ही निव्वळ शरीरसुखाची बाब असेल तर तिच्यासाठी मोठा खर्च करणे हा चैनीचा भाग ठरतो. ती कला असेल तर त्या खर्चाची तुलना संगीत मैफलीच्या तिकिटाशी करता येते. प्लेटोने ‘गॉर्जियस’ या संवादात पाककौशल्याला कला मानण्यास नकार दिला. त्याच्या मते ती शरीराची खुशामत आहे आणि वैद्यकाची नक्कल करते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने 1790 मध्ये जिभेला आवडणे आणि सुंदर वाटणे यांत रेघ ओढली. भरताच्या नाट्यशास्त्रात क्रम उलटा दिसतो. तिथे नाटकातील रस समजावून सांगण्यासाठी जेवणाचाच आधार घेतला आहे: नाना मसाले आणि व्यंजने यांच्या संयोगातून जसा पदार्थाचा रस सिद्ध होतो आणि प्रसन्न मनाचा जेवणारा त्याचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. या परंपरेत वाढलेल्याला आचाऱ्याच्या कामाला कला म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. पण आस्वाद घेणाऱ्याचे मन प्रसन्न आणि एकाग्र हवे, ही अटही त्याच दृष्टांतात आहे. पदार्थ थंड होईपर्यंत फोटो काढत राहणारा पैसे मोजतो, पण आस्वादाला मुकतो.

संयमाकडून न्यायाकडे जाताना ॲरिस्टॉटलचा विचार मधला दुवा ठरतो. मोठ्या प्रसंगी शोभेल असा मोठा खर्च करणे हा त्याच्या मते सद्गुण आहे. त्याच्या एका बाजूला कंजूषपणा आहे आणि दुसऱ्या बाजूला बडेजाव. बडेजावाचे त्याने दिलेले उदाहरण जेवणाचेच आहे: मंडळातल्या सोबत्यांना साधे जेवण द्यायचे असताना लग्नाच्या थाटाची मेजवानी देणारा माणूस. त्याचा दोष केवळ रकमेत नाही. प्रसंग लहान आणि थाट मोठा, आणि तो थाटही आपली संपत्ती दाखवण्यासाठी, यात तो दोष आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला तेव्हा याच वृत्तीचे सामाजिक रूप दाखवले: वस्तू महाग असणे हेच तिच्या आकर्षणाचे कारण बनते. या कसोटीवर आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीचे जेवण आणि सहकाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी दिलेले जेवण यांचे बिल सारखे आले तरी त्यांचा नैतिक अर्थ सारखा नसतो.

न्यायाचा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत असताना त्यांनी लिहिलेला निबंध 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर आपले कपडे खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही. मग दूरच्या उपाशी माणसाला वाचवू शकणारा पैसा चैनीवर घालणे हे त्याहून वेगळे कसे, असा त्यांचा सवाल आहे. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या स्वस्त जेवणाच्या सरकारी योजनेत शिवभोजन थाळीची किंमत 10 रुपये होती. त्या हिशेबाने दहा हजारांच्या एका बिलात हजार थाळ्या बसतात. सिंगर यांचे तर्कशास्त्र हा हिशेब टाळू देत नाही.

याला दोन वजनदार उत्तरे आहेत. पहिले बायबलमधले आहे. बेथानी गावी एका स्त्रीने येशूला अत्यंत महाग सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना देता आले असते, असा आक्षेप घेतला गेला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. रक्कम जवळजवळ वर्षभराच्या कमाईएवढी होती. येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली. गरीब नेहमीच सोबत असतात, हा प्रसंग मात्र पुन्हा येणार नाही, असे कारण त्याने दिले. ही कथा प्रसंगाच्या अनन्यतेला मान देते, पण गरिबांवरची जबाबदारी माफ करत नाही. दुसरे उत्तर तत्त्वज्ञ सुझन वुल्फ यांच्या 1982 च्या निबंधात आहे. प्रत्येक क्षण आणि प्रत्येक पैसा परोपकारात घालणाऱ्या नैतिक संताला उत्तम स्वयंपाकासारख्या गोष्टीत रस घेणे अवघड जाते, आणि असे एकसुरी आयुष्य आदर्श मानावे असे नसते, असे त्या म्हणतात.

तरीही ही उत्तरे खर्चाला परवानगी देतात, त्याची मर्यादा सांगत नाहीत. मर्यादा सांगणारा विचार धर्मशास्त्रातील पंचमहायज्ञांत सापडतो. गृहस्थाने देव, पितर, ऋषी, प्राणिमात्र आणि माणसे यांचा वाटा आधी काढावा आणि उरलेले खावे, असा तो क्रम आहे. केवळ स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो, आणि एकटे खाण्याचा निषेध ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही येतो. पैठणच्या संत एकनाथांनी श्राद्धासाठी शिजलेले अन्न आधी दारावरून जाणाऱ्या अस्पृश्यांना वाढले, ही त्यांच्या चरित्रातील कथा याच विचाराला जातीच्या भिंतीपलीकडे नेते. इस्लाममध्ये खाण्यापिण्याला मुभा आहे पण उधळपट्टीला नाही, आणि जकातीचा अडीच टक्क्यांचा वाटा ऐच्छिक नाही. शीख लंगरात सर्वांना एकाच पंगतीत एकच अन्न मिळते. या सगळ्या परंपरांत सण आणि मेजवानी आहेत. कुठेच मेजवानी रद्द करून दान करायला सांगितलेले नाही. दान आधी आणि नियमाने, मेजवानी नंतर आणि निमित्ताने, एवढाच आग्रह आहे.

न्यायाची आणखी एक बाजू टेबलाच्या मागे, स्वयंपाकघरात असते. कोपनहेगनमधील नोमा या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटने स्वयंपाकघरातील शिकाऊ उमेदवारांना 2022 च्या अखेरीस वेतन द्यायला सुरुवात केली. तोवर ते बिनपगारी काम करत होते. 2023 च्या जानेवारीत त्याच्या प्रमुखाने हा व्यवसाय या स्वरूपात टिकाऊ नसल्याचे सांगितले. जनावरांचाही विचार यात येतो: बदकाला नळीने जबरदस्तीने चारून सुजवलेल्या यकृतापासून होणाऱ्या फ्वा ग्रा या फ्रेंच पदार्थाच्या आयातीवर भारताने 2014 मध्ये बंदी घातली. पंचमहायज्ञांत प्राणिमात्रांचा वाटा वेगळा सांगितलेला आहे, हे इथे विसरता येत नाही. दुसऱ्याच्या न मिळालेल्या मजुरीवर किंवा मुद्दाम दिलेल्या यातनेवर उभे असलेले ताट कोणत्याही प्रसंगाने शुद्ध होत नाही.

म्हणून विशेष प्रसंगीच्या महागड्या जेवणाला सरसकट पाप किंवा सरसकट खासगी बाब ठरवणे, दोन्ही चूक आहे. प्रसंग खरा आणि विरळ असावा, थाट त्याला शोभेल इतकाच असावा, ताटामागचे श्रम आणि जीव यांवर अन्याय झालेला नसावा, आणि घरच्या वर्षभराच्या हिशेबात दुसऱ्यांचा वाटा त्या बिलाच्या आधी निघालेला असावा. या चार अटी पाळणाऱ्याला जेवताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. चौथी न पाळणाऱ्याच्या बाबतीत सिंगर यांचा आक्षेप तसाच उभा राहतो.