थोडं थांबावं, मग दिसतं



चैत्रातली सकाळ. अंगणातल्या जास्वंदीच्या फांदीला काहीतरी लोंबत होतं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, कोळ्याची जळमटं. वाऱ्याने अडकलेला कचरा वाटला. काढून टाकायला मी हात पुढे केला. तेवढ्यात मागून बारीकसा चिवचिवाट ऐकू आला. मी थांबलो.

एक इवलीशी पाखरीण आली. पोट पिवळसर, चोच बाकदार. सूर्यपक्ष्याची मादी. तिच्या चोचीत जळमटाचा एक धागा होता. तो तिने त्या ‘कचऱ्याभोवती’ गुंडाळला. मग बाजूच्या इवल्या दारातून आत शिरली आणि अंग घुसळून जागा ऐसपैस केली. ते तिचं घरटं होतं!

थोडं थांबावं, मग दिसतं.

जी जळमटं आपण झाडूने काढून टाकतो, त्यांनीच ती घर विणते. कचऱ्यासारखं दिसणं, हेच त्या घराचं संरक्षण.

श्रोतेहो, माणसांच्या बाबतीतही आपला हात असाच घाईने पुढे जातो. कमी बोलणारा आपल्याला घमेंडखोर वाटतो. चिडणारी व्यक्ती वाईट वाटते. पण आत काय जपलं जातंय, ते बाहेरून कुठे कळतं? एक कठोर शब्द, आणि कुणाचं तरी विणत आणलेलं घरटं तुटतं.

म्हणून आज कुणाबद्दल मत बनवण्याआधी, कुणाला बोलण्याआधी, क्षणभर हात मागे घेऊया.

थोडं थांबावं. मग दिसतं.