दान कोणाचे?

प्रस्तुत लेख लिहिणारा कोणी अधिकारी पुरुष नव्हे. मंगळवेढे तालुक्यातल्या एका माळकऱ्याचा मुलगा, पुण्यात वसतिगृहात राहून बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकतो, एवढाच त्याचा परिचय. संतवचनांचा अर्थ सांगावा एवढी माझी योग्यता नाही, आणि तसा प्रयत्नही येथे नाही. पण एक प्रश्न दीड वर्ष मनात घोळतो आहे. तो कॉलेजच्या वर्गात विचारता येत नाही, कारण तेथे तो कोणाला प्रश्नच वाटणार नाही. वारकऱ्यांपुढे मात्र विचारता येईल. प्रश्न असा, की जी वस्तू आपली नव्हे ती आपण दुसऱ्याला दिली, तर त्याला दान म्हणावे काय?

घडले ते असे. माझ्या खोलीत बीड जिल्ह्यातला एक मुलगा राहतो. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मी पहिल्या वर्षाला असताना, डिसेंबर महिन्यात, दोन महिन्यांचे पैसे थकले म्हणून खाणावळवाल्याने त्याचा डबा बंद केला. त्याने हे कोणाला सांगितले नाही. दुपारी एक वडापाव खायचा आणि रात्री ग्रंथालयातून उशिरा यायचे, म्हणजे जेवलास का म्हणून कोणी विचारीत नाही, असा त्याचा क्रम आठवडाभर चालला. मला कळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरून माझ्या खाणावळीचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे ३,००० रुपये आले. मी ते सगळेच्या सगळे त्याची थकबाकी भरण्यास दिले. मग घरी फोन केला, की कॉलेजने अचानक जादा फी मागितली आहे, आणखी पैसे पाठवा. आबांनी चार दिवसांत पाठविले. कोठून आणले ते मी विचारले नाही.

त्या रात्री मला फार समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे. आपण काही तरी झालो, असे वाटले.

हे समाधान मी कोठे शिकलो, याचा पुढे मी विचार केला, तेव्हा शाळा आठवली. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत निधीचा डबा फिरत असे. काम चांगले, सैनिकांच्या कुटुंबांसाठी पैसा जमतो, त्यात दोष कसला! पण आमच्या वर्गात ज्याने जास्त आणले त्याचे नाव फळ्यावर लिहीत. मी आईच्या मागे लागून वीस रुपये न्यायचो, आणि फळ्यावर नाव लागायचे माझे. आईचे नाव फळ्यावर कधी आले नाही. ज्या मुलाच्या घरी वीस रुपये नसत तो त्या दिवशी मागच्या बाकावर खाली मान घालून बसे. म्हणजे दान देणे म्हणजे घरच्यांचे घेऊन आपले नाव लावणे, हा धडा आम्ही इयत्ता तिसरीतच गिरविला, आणि तो पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा पक्का बसला. शिक्षकांच्या मनात तसे नसेलही. पण मुले जे शिकवले जाते ते थोडेच शिकतात!

असो. पुढच्या आषाढीला आबा दिंडीबरोबर पुण्यात आले. पुण्यात दोन्ही पालख्यांचा मुक्काम दोन रात्री असतो, आणि पुष्कळ दिंड्या शाळांच्या इमारतींत उतरतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. आमची दिंडीही एका शाळेत होती. आबा चौथीपर्यंत शिकलेले. वर्गातली बाके भिंतीला लावून मधल्या जागेत घोंगडी अंथरून बसले होते, आणि मागे फळ्यावर गुणाकाराची गणिते तशीच राहिली होती. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "दुधाच्या डेअरीतनं उचल घेतलीया डिसेंबरात. दर दहा दिसाच्या पगारातनं कापत्यात. दिवाळीपातूर फिटंल." डिसेंबर म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. मी सर्व सांगून टाकले. पण खरे सांगतो, सांगतानासुद्धा मनात आशा होती, की माळकरी माणूस आहे, पोराने भुकेल्याला अन्न दिले म्हणून पाठीवर हात ठेवील.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसं माझं, म्हशीचं, तुझ्या आईचं. आन् दान तुझं? ह्यो कुठला हिशेब रं?"

मी लगेच उत्तर काढले. आमच्या गावात दुसरे कोणते उत्तर असणार? म्हटले, "आबा, मग दामाजीपंतांनी तरी काय केलं? कोठार बादशहाचंच होतं की!"

मला वाटले, मी जिंकलो. आबा हसले. म्हणाले, "कीर्तन अर्ध्यातनं उठून गेल्यालं दिसतंय तू. म्होरं काय झालं?"

पुढे काय झाले ते मंगळवेढ्याच्या शेंबड्या पोरालाही येते. महिपतीबोवांनी ते 'भक्तविजया'त सांगितलेच आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची पेवे लोकांसाठी मोकळी केली. बेदरला कागाळी गेली, पकडून नेण्याचा हुकूम आला. वाटेत पंढरीनाथाचे दर्शन घेऊन पंत शिक्षा भोगायला निघाले. इकडे देव विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि रसीद घेतली. ही कथा मी शंभर वेळा ऐकली होती. पण आबांनी ज्या जागी बोट ठेवले त्या जागी माझे लक्ष कधीच गेले नव्हते. ते म्हणाले, "देवाला काय, बादशाच्या सपनात जाऊन माफ कर म्हनला असता तरी झालं असतं. पन् न्हाई. पैसं भरलं. पावती घेतली. का? तर ज्याचं व्हतं, त्याचं त्याला पोचाय पायजे. आन् पंत लपला न्हाई. तू लपलास."

तेव्हापासून मी या कथेचा पुनःपुन्हा विचार केला आहे. पंतांनी दुसऱ्याचे धान्य वाटले ते चुकले, असे कोणी वारकरी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. दारात माणसे मरत असताना पेवाचे तोंड बंद ठेवणे हे पापच झाले असते. पण त्यांच्या कृतीला थोरपणा येतो तो धान्य दिल्याने नव्हे. धान्य त्यांचे नव्हतेच. त्यांनी स्वतःचे असे जे दिले, ते म्हणजे स्वतःची मान. हे धान्य मी वाटले, त्याबद्दल जे भोगायचे ते मी भोगीन, असे म्हणून ते बेदरच्या वाटेला लागले. तेवढेच त्यांचे दान. माझ्या बाबतीत भुकेला होता, धान्यही दुसऱ्याचे होते. फक्त बेदरची वाट मी आबांना चालायला लावली, आणि त्यांना ती कोठे जाते हेही सांगितले नाही.

येथे कोणी शंका घेईल, की वारकऱ्याने 'माझे' आणि 'तुझे' असा भेद करावाच कशाला? सर्व पंढरीनाथाचे आहे. मग आबांचे पैसे काय आणि माझे काय! ही शंका वरवर मोठी भाविक दिसते. मीही स्वतःशी तिचा आधार घेऊन पाहिला. पण तिच्यात एक गोम आहे. 'सर्व देवाचे' हे वाक्य ज्याने त्याने आपल्या मुठीतल्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे. दुसऱ्याच्या मुठीकडे बघून ते बोलले, की तेच वाक्य चोराच्या तोंडीही शोभून दिसते. तुकोबारायांचेच पाहा. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडविण्याची वेळ आली, तेव्हा धाकटे बंधू कान्होबा यांचे मत वेगळे पडले. तुकोबांसारखा विरक्त पुरुष. सगळीच खते डोहात टाकून मोकळा झाला असता, तरी आज आपण त्याला वैराग्यच म्हटले असते. परंपरा सांगते, की त्यांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि बुडविला तो फक्त आपला. भावाच्या वाट्यावर त्यांनी स्वतःचे वैराग्य लादले नाही. माझ्या मते कागद बुडविण्यापेक्षा ते वाटे करणे अधिक कठीण होते.

मग विद्यार्थ्याने द्यावे तरी काय? त्याच्याजवळ स्वतःचे असे असतेच काय? फी बापाची, डबा बापाचा, अंगावरचा सदरासुद्धा बापाचा. हा प्रश्न मला मोठा नामुष्कीचा वाटे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मात्र तो शंभर वर्षांपूर्वीच हाती घेतला होता. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली; १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मुलांनी श्रम करावेत आणि शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही समजतो की तो पैशाच्या अडचणीवरचा तोडगा होता. मला आता असे वाटते, की ज्याच्या हातात स्वतः मिळविलेला एक आणाही नाही त्याला देणे म्हणजे काय ते शिकविताच येत नाही, हेही त्यात असले पाहिजे. याच वसतिगृहाच्या इतिहासात लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडल्याची हकीकत आहे. दागिने त्यांचे स्वतःचे होते. कोणाला खोटा निरोप धाडावा लागला नाही.

आणि श्रीगाडगेबाबा! त्यांच्याजवळ खराटा आणि गाडगे यांवाचून काय होते? गावात आले की आधी रस्ता झाडायचे, भाकरी त्यानंतर. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा एवढी मोठी वास्तू, पण तीही १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. लोकांच्या पैशातून उभे राहिलेले लोकांच्याच मुलांकडे गेले. बाबांनी स्वतःचे म्हणून घातले ते श्रम.

मी कॉलेजच्या कमवा व शिका योजनेत नाव घातले. ग्रंथालयात पुस्तके झाडून लावायची, तासावर पैसे मिळतात. फार थोडे मिळतात. पण पहिल्या महिन्याचे पैसे हातात आले तेव्हा ते खर्च करताना हात जो आखडला तसा पूर्वी कधीच आखडला नव्हता. बापाचे ३,००० देताना मी उदार होतो. स्वतःचे ३० देताना कंजूष झालो. हसू येते, पण ही गोष्ट खरी आहे.

आता त्या मित्राविषयी दोन शब्द. कारण घेणाराची बाजू कोणी सहसा लिहीत नाही. पैसे घेण्यापूर्वी तो माझ्याशी कडाकडा भांडत असे: कादंबरीवरून, निवडणुकीवरून, खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून. घेतल्यानंतर तो भांडेनासा झाला. मी म्हणेन ते खरे म्हणू लागला. मला वाटे, किती कृतज्ञ! दोन महिन्यांनी तो २०० रुपये घेऊन आला. मी म्हटले, "राहू दे रे, परत कसले द्यायचे?" त्याने नोटा खिशात घातल्या आणि न बोलता बाहेर गेला.

पालखीच्या वाटेवर अन्न देणारे लोक आपण दरवर्षी पाहतो. देणारा पत्रावळ वाढतो आणि वर घेणाऱ्याच्या पाया पडतो. घेणारा 'माउली' म्हणतो, देणाराही 'माउली' म्हणतो. कोणाची मान खाली गेलेली दिसत नाही. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथील विद्यार्थी गावात माधुकरी मागून शिकत आले, आणि त्यांतून थोर थोर कीर्तनकार झाले. त्यांना कोणी भिकारी म्हटले नाही. घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा येतो तो देणारा ज्या रीतीने उभा राहतो त्यामुळे. मी माझ्या मित्रासमोर पाया पडून उभा नव्हतो. शाळेच्या फळ्यावर माझे नाव लिहिलेले होते, आणि त्याच्याखाली तो बसलेला होता. त्याच्या २०० रुपयांना नकार देऊन मी त्याला त्या मागच्या बाकावरच ठेवले.

आबांशी बोलणे झाल्यावर वसतिगृहात येऊन मी त्याला ते पैसे कोणाचे होते ते सांगितले, खोट्या फोनचेही सांगितले. तो भयंकर रागावला. "माझ्या जेवणासाठी तुझ्या बापाला फसवलंस? मला विचारलंस का?" असे म्हणून दोन दिवस बोलला नाही. त्यानंतर मात्र पूर्ववत भांडू लागला, आणि खिडकीचा वाद अजून मिटलेला नाही. तोही योजनेत काम करू लागला.

या आषाढीला आबा आले तेव्हा आमच्याजवळ ३,००० रुपये जमले होते. त्यांत १,६०० माझे आणि १,४०० त्याचे. तो म्हणतो, उरलेले तो मला फेडणार आहे. तसे झाले तर माझे दान शून्य. पूर्वी मला याचे वाईट वाटले असते.

दोघेही त्याच शाळेत गेलो. मनात होते की आबा म्हणतील, राहू दे, पोरांनो, तुम्हाला लागतील. ते तसे म्हणाले नाहीत. नोटा हातात घेतल्या, बोट जिभेला लावून एकेक मोजली, आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवून दिल्या. मग मित्राला विचारले, "जेवलास का रं?" तो नाही म्हणाला. आबांनी त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसविले. मला म्हणाले, "तू वाढाय लाग."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिंडी निघाली. मित्राने आबांचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि हडपसरपर्यंत नेले. आबांनी त्याला एकदाही 'नको' म्हटले नाही.