झांजा आणि झोप

आमच्या गाडीतल्या बुवांचा आवाज गोड आहे, असं त्यांच्या जिवलग टाळकऱ्यानंही कधी म्हटलेलं नाही. तो मोठा आहे, यावर मात्र डब्याचं एकमत आहे. ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या धीम्या लोकलमध्ये मंडळातले दोघे जण आधी चढून जागा धरतात. मुलुंडला बुवा चढतात आणि नाहूर यायच्या आत रूपाचा अभंग सुरू होतो. ढोलकी असली तर उत्तम, नसली तर डब्याचा पत्रा आहेच. तीस वर्षं हे चाललंय. नोकरीतून निवृत्त झाल्यावरसुद्धा बुवांनी पास काढणं सोडलं नाही. जायचं कुठंच नसलेला हा एकटा माणूस रोज वेळेवर गाडीला असतो!

16 एप्रिल 1853 ला याच मार्गावर बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा 21 तोफांची सलामी दिली होती म्हणतात. तोफांना निदान एकविसाव्यानंतर थांबायचं ठाऊक होतं.

परवा माझ्यासमोर एक कागद आला. भजन बंद करावं म्हणून रेल्वेकडे अर्ज होता आणि खाली सह्यांसाठी ऐसपैस जागा सोडलेली. अर्ज लिहिणारा मुलगा ठाण्याला चढतो. रात्रपाळी करून आलेला असतो, घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरीला क्लासला जातो. ठाणे ते घाटकोपर ही त्याची रात्र. "काका, देवाबद्दल माझी काही तक्रार नाही हो," तो म्हणाला, "पण झांज कानाशी वाजते."

आता आली का पंचाईत! कायदा मुलाच्या बाजूनं आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 145 वं कलम सांगतं, की दुसऱ्याच्या सुखकर प्रवासात व्यत्यय आणणं हा गुन्हा. (सकाळच्या लोकलमध्ये सुखकर प्रवास चालू होता, हे आधी कोर्टात कोण सिद्ध करणार, ते सोडा.) मैफलीचं तिकीट काढून बसलेला माणूस गाणं आवडलं नाही तर उठून जाऊ शकतो. हा बिचारा कांजूरमार्गला उठून जाणार कुठं?

पण बुवांची बाजूही एवढी लंगडी नाही. मैफलीत गाणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. दिंडीत श्रोता नावाचा प्राणीच नसतो, जो आला तो टाळकरी. म्हणून तिथं आवाज गोड आहे का, हे कुणी विचारत नाही. बुवा तीस वर्षं सुमार गातात हे मला मान्य, पण त्यांनी आपल्याला गायक म्हणवून घेतलंय कधी? मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडल्या, तेव्हा मंडळातल्या कुणाच्या तरी नातवानं मोबाईलवर सगळ्यांना एकत्र आणलं. प्रत्येकाचा टाळ दुसऱ्याकडे थोडा उशिरा पोचायचा. 'विठ्ठल' एकाचा संपतोय तोवर दुसऱ्याचा सुरू होतोय. दुसऱ्या दिवशी बुवांनी फोन घेतला नाही. घरी एकट्यानं म्हणा की, असं मी सुचवलं. "एकट्यानं म्हणायला मी काय किशोरकुमार आहे?" बुवा म्हणाले. त्या वर्षी दसऱ्याला डब्याला हार नाही, नारळ नाही. बुवांनी घरी टाळांचीच पूजा केली.

हल्ली डब्यात चार मोबाईल चार वेगळी गाणी ओकत असतात, त्यांच्याविरुद्ध अर्ज निघालेला मी पाहिला नाही. बुवा निदान तुमच्यापुढे झांजांची जोडी धरतात. घ्या, तुम्हीही या म्हणतात. मात्र झोपलेल्या माणसाला ते आमंत्रण ऐकू जातं ते झांजेच्याच आवाजात, आणि तिथं त्याला 'नको' म्हणायची सोय उरत नाही. भक्ती मोठी की झोप, असा हा प्रश्न मुळी नाहीच. माझ्या आनंदाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून परस्पर काढायची का, एवढाच आहे. तेव्हा माझं मत मुलाच्या पारड्यात पडलं. सही मात्र केली नाही. तीस वर्षांच्या शेजाऱ्याला आधी तोंडानं सांगावं, कागदानं नंतर, असं आपलं मला वाटतं.

सांगितलं. बुवा भांडुप जाईस्तोवर काही बोलले नाहीत. मग टाळ पिशवीत ठेवत म्हणाले, "पोरगं घाटकोपरला उतरतं ना? मग तोवर नुसतं मनात म्हणू."

"आणि घाटकोपरनंतर कुणाला झोपायचं असलं तर?"

"घाटकोपरनंतर?" बुवांनी दाराशी लटकलेल्या गर्दीकडे पाहिलं. "तिथून पुढं उभं राहायला मिळालं तरी पुण्य समजतात लोक. झोपतंय कोण?"