टाळ्या पुरे झाल्या

वाजवून झाल्या टाळ्या? बसा आता. माईक नको मला. पाहुणे चहाला गेलेत ते बरं झालं. त्यांच्यादेखत तुमची अब्रू काढायची नव्हती.

शिबिरात आज पाहुण्यांचं तासभर बौद्धिक झालं. सगळ्यांना सामावून घ्या, नवं काही घडवा, जगण्याची बसलेली घडी मोडून पाहा. तुम्ही माना डोलावल्या. दोघींनी तर दोन रंगांच्या पेनांनी टिपून घेतलं. आणि त्या वेळी ती कुठे होती? भामरागड तालुक्यातून आलेली, तुमच्याच वर्गातली पोरगी? मंडपामागे, चुलीपाशी. तांदूळ निवडत होती. इकडे समावेशनावर व्याख्यान चाललंय आणि तुमच्यातलीच एक जण मंडपाबाहेर बसलीय. एकालाही खटकलं नाही?

‘सर, तिलाच आवडते स्वयंपाकात.’ विचारलं होतं तिला? कोणी विचारलं? पहिल्या दिवशी उभी राहून तिनं नाव सांगितलं. ‘मी आला’ म्हणाली, तर मागच्या दोन रांगा फिदीफिदी हसल्या. त्यानंतर ती बोललेली नाही. तिच्या घरी माडिया बोलतात. मराठी ती शाळेत शिकली, हिंदी बाजारात. तुमच्याइतकेच पेपर तीही देते, तेही तुमच्या भाषेत. तुम्हाला तिच्या भाषेत ‘बस’ म्हणता येतं का? पाणी मागता येतं का? मग हसायला तोंड कुठून आणलंत?

आणि शेवटच्या रात्री मात्र ती हवी! रेला नाचायला. डोक्याला पिसं खोवून पुढच्या रांगेत उभी करायची, फोटो काढायचा, अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचा. म्हणजे फोटोत जागा आहे आणि चर्चेत नाही. याला सामावून घेणं म्हणत नाहीत बाबांनो. ही सजावट झाली.

आनंदवनाचं नाव निघालं की तुमचे डोळे पाणावतात. आपल्याच जिल्ह्यातलं, वरोऱ्याचं. सगळे जाऊन आलात. ‘प्रेरणादायी’ हा एकच शब्द परतीच्या बसमध्ये ऐकून माझे कान किटले. पण ते उभं करायची वेळ का आली, हे कोणी विचारलं? बाबा आमटे वरोऱ्यात वकील होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा माणूस त्यांना दिसला, कुष्ठरोगानं झडलेला, आणि ते भिऊन पळाले. मग परत फिरले. 1951 साली खडकाळ माळावर मूठभर रुग्णांना घेऊन काम सुरू झालं. त्या माणसांनी विहीर खणली, भाजी पिकवली. ती बाजारात नेली तर कोणी घेईना. भाजीला काय रोग झाला होता? आनंदवन हा आमटे कुटुंबाचा मोठेपणा आहेच. तितकाच तो आपल्या गावांवरचा ठपका आहे. तिथे जमलेली माणसं आभाळातून पडली नव्हती, कोणीतरी घरातून काढली होती. कोणी काढली? तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांनी. सेल्फी घेताना आलं होतं हे मनात?

‘सर, ते जुनं झालं.’ झालं? कुष्ठरोगावरची एकत्रित औषधं 1982 पासून दिली जाताहेत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत लागण पसरायची थांबते. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा देशाच्या पुस्तकातून 2016 मध्ये गेला. हा रोग म्हणजे घटस्फोटाचं कारण, ही तरतूद 2019 मध्ये निघाली. सरकार हलायला शंभरावर वर्षं लागली. तुम्हाला किती लागणार? चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण निघतात, आणि चट्टा दाखवा म्हणणाऱ्या आशाताईला ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणून दारातूनच वाटेला लावणारी घरं तुमचीच आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दुसरं रडगाणं. ‘आमच्यात टॅलेंटच नाही.’ अरे, तुम्ही झाडीपट्टीतले! दिवाळीपासून होळीपर्यंत इथे रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशाला नाटकमंडळ्यांची दुकानं मांडलेली असतात. दिवसा धान कापणारा, विटा रचणारा माणूस रात्री तोंडाला रंग फासून राजा होतो. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या गावात लोक शालीत गुरफटून पहाटेपर्यंत बसतात. तुमच्यातल्या किती जणांचे मामा-काका तिथे पेटी धरतात, मला माहीत आहे. आणि तुम्ही काल काय सादर केलंत? मोबाईलवरचं गाणं आणि यूट्यूबवरून उचललेल्या स्टेप्स. या गावच्या बायका वाघाच्या भीतीनं जीव मुठीत धरून मोह वेचायला जातात. आठवडाभर त्यांच्याच अंगणात जेवताय. त्यांच्यावर दहा मिनिटांचं पथनाट्य सुचलं नाही? नाचता येईना, अंगण वाकडं. शिवाय अंगणही दुसऱ्याचं.

तिसरं मला तोंडपाठ आहे. ‘टाइमच नाही भेटत सर.’ मार्च-एप्रिलात मोह पडायला लागला की अंधारात उठता ना? मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाता ना? तेव्हा झोप आड येत नाही, ऊन आड येत नाही. वही उघडायची, शेजारच्याशी दोन शब्द बोलायचे, की अंग जड होतं. उठता येत नसतं तर मी कीव केली असती. उठता येतं, म्हणून चिडतो.

काल गटनेता कसा निवडलात? दोघं ओरडले, बाकीचे खाली बघत बसले, झालं. धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा-लेखा आहे. गोंडांचं लहानसं गाव. तिथे बहुमतानं काही ठरत नाही, सर्वसहमतीनं ठरतं. एक जण अडला तरी विषय थांबतो, पुन्हा बसतात. बायाही बसतात, बोलतात. असं बसून बसून त्या गावानं सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला, पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. वेळखाऊ काम आहे. तुम्हाला मात्र पाच मिनिटांत नेता हवा, म्हणजे पुढे आपल्याला काही करायला नको.

ठोंब्यांवर मी घसा कोरडा करत नाही. यातलं एकेक तुम्हाला कळतं. परीक्षेत आलं तर पानभर लिहाल.

तर ऐका. स्वयंपाकाची पाळी आजपासून मागच्या दोन रांगांची. शेवटच्या रात्रीचा नाच तिला हवा असेल तरच होईल, आणि तो तिच्याकडून शिकून सगळे नाचतील. दुपारची गटचर्चा तीच चालवणार आहे. मी विचारलं, ती ‘हो’ म्हणाली. विषयही तिनंच दिला: तेंदूपत्त्याची मजुरी घरात कोणाच्या हातात पडते? ती अडखळली तर थांबायचं, वाक्य तिच्या तोंडातून काढून घ्यायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या घरचं खरं उत्तर घेऊन यायचं. ‘माहीत नाही’ चालणार नाही. आईला फोन लावा.