बदक, कोंबडी आणि सारखी वाटणी

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांतून एक प्रश्न पुष्कळदा ऐकू येतो, तो असा की, अंगणात कोंबड्या आहेतच, त्यांच्या जोडीस चार बदके ठेविली तर काय हरकत आहे? हा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, मालगुजारीच्या काळची तळी, शेतोशेतीच्या बोड्या, आणि भाताची कणी व कोंडा गिरणीवर मिळणारा. तेव्हा बदकास येथे उपाशी राहण्याचे कारण नाही. बांधीतील गोगलगाई व किडे खाऊन ते आपले पोट बरेचसे आपणच भरते. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक नीट सांभाळल्यास वर्षास अडीचशे-तीनशे अंडी देते, हेही खरे. हरकत नाही, असेच आम्ही उत्तर देतो. परंतु, वाचकहो, ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे व तो पशुपालनाचा नसून नीतीचा आहे. ज्यांच्या गरजा सारख्या नाहीत त्यांस सारखे वागविणे हा न्याय होय काय?

पुष्कळ भले लोक म्हणतात, आमच्या घरी आपपर नाही; एकच खुराडे, एकच भांडे, एकच दाणा. ऐकावयास हे गोड लागते. आता त्या खुराड्यात डोकावून पाहा. कोंबडी रात्री उंच दांडीवर बसते, बदक खाली जमिनीवर. वरची घाण रात्रभर खालच्याच्या पाठीवर पडते. बदकास आपली चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके पाणी लागते, नाही तर त्याचे नाक-डोळे चिकटतात; तेवढ्याच खोल भांड्यात कोंबडीचे पिल्लू बुडून मरते. बदक खातापिता सारी भुई ओली करते, आणि त्या ओलीत कोंबडीच्या पिलांस रक्ती हगवण लागते. ह्यात कोणी कोणाचा द्वेष केलेला नाही. दोघेही आपल्या स्वभावाप्रमाणे वागली, आणि धन्याने दोघांस समान मानिले, एवढेच घडले.

याहून खोल गोष्ट रोगांची आहे. कोंबड्यांची मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात व जिचे वर्णन आपल्या देशात १९२८ साली कुमाऊँतील राणीखेत येथून प्रथम झाले, ती गावात शिरली म्हणजे खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. बदकास ती सहसा काही करीत नाही. उलट पावसाळ्यात बुरशी धरलेला दाणा कोंबडी पुष्कळ अंशी सोसते, पण बदकाचे पिल्लू त्याने मरते. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले, त्या वेळी बदकांची पिल्लेही त्याच विषाने गेली. म्हणजे जे एकास पचते ते दुसऱ्यास मारते, आणि दुसऱ्यास पचते ते पहिल्यास. सोसणाऱ्याचे अंग पाहून दाणा टाकणारा धनी दुसऱ्याचा घात करितो, आणि वर म्हणतो की मी भेद केला नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात बैल व गाढव एका नांगरास जुंपण्याची मनाई आहे. तिच्यात बैलाची थोरवी किंवा गाढवाचा हलकेपणा आम्हास दिसत नाही. दोघांची चाल निराळी, आणि जुवाचा काच त्यातील एकाच्या मानेस बसावयाचा, इतकेच दिसते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. ह्या विचाराचा आधार घेऊन कोणी माणसांच्या वस्त्या व विहिरी निराळ्या असाव्या असे म्हणेल, तर ती लबाडी होय. एका वस्तीस पचणारे व दुसरीस बाधणारे असे पाणी देवाने निर्माण केलेले नाही.

खुडूक कोंबडीचेही असेच. खाकी कॅम्पबेलसारखे पाळीव बदक अंड्यांवर बसण्याचे बहुधा विसरले आहे, म्हणून त्याची अंडी कोंबडीखाली ठेवितात. तिचा हिशोब एकवीस दिवसांचा. बदकाचे अंडे अठ्ठावीस घेते. ती वरचे सात दिवस तक्रार न करिता बसते, अंगाने झिजते, आणि मग तिची पिल्ले बोडीत उतरतात तेव्हा काठावर ओरडत फिरते. उपदेशक ह्या दाखल्यावर फार खूष असतात. तिला त्या दिवसांत रोज उठवून दाणापाणी कोण देतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते सात दिवस आपण तिच्याकडून घेतो, तेव्हा त्यांची भरपाई तिला देणे लागतो.

आता सर्वांत कठीण भाग. हिवाळ्यात नवेगावबांध व इतर तलावांवर उत्तरेकडून तलवार बदके, चक्रवाक व इतर पाणपाखरे उतरतात. त्यांच्याबरोबर पक्ष्यांचा ताप येण्याचा संभव असतो. घरचे बदक त्याच पाण्यात पोहते, तो रोग अंगावर घेते, पुष्कळदा स्वतः ठणठणीत राहते, आणि सायंकाळी डुलत घरी येते. मरतात त्या कोंबड्या. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो मेल्या. रोग ठरला म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे भोवतालच्या साधारण एक किलोमीटरातील सारे पाळीव पक्षी मारितात, आजारी असोत वा नसोत. ज्या विधवेने बदक कधी पाळिले नाही, तिच्या पाच कोंबड्याही त्यात जातात. मारिलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पण आधीच मेलेल्यांची मिळत नाही.

दोष कोणाचा? बदकाचा म्हणता येत नाही. त्यास ना कळते ना दुखते. जंगली पाखराचा तर नाहीच. कित्येक म्हणतील, दैवाचा. आम्हास हे मान्य नाही. जे आपणास दुखत नाही ते दुसऱ्यास दुखत असेल, हे ह्या साऱ्या प्रकरणात जाणू शकणारा एकच आहे, आणि तो म्हणजे बदके पाळणारा. माझी बदके धडधाकट आहेत, हे त्याचे उत्तर शेजारणीपुढे पुरे पडत नाही.

म्हणून कोंबड्यांस राणीखेतची लस वेळेवर टोचावी; बदकांस निराळे, जमिनीलगतचे, कोरडे खुराडे करावे; आणि पाहुणी पाखरे तलावावर आहेत तोवर, म्हणजे साधारण कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, बदके तलावावर सोडू नयेत. अंगणाच्या कडेस खड्डा खणून त्यात पाणी भरावे व ते वरचेवर बदलावे. हे पाणी विहिरीवरून किंवा नळावरून डोक्यावर आणावे लागेल, आणि ते आणील ती बहुतेक घरची बाई. तेव्हा बदके चार ठेवावी की दोन, की मुळीच नको, हे बाजारास निघण्यापूर्वी तिला विचारावे.